विहिरीवरील यंत्राची किल्ली कोणाच्या हाती?

विहिरीतून पाणी काढण्याच्या साधनांत गेल्या तीन पिढ्यांत जितके बदल झाले, तितके शेतीच्या अन्य अवजारांत क्वचितच झाले असतील. आजोबांच्या काळी मोट होती. बैलजोडी धावेवर पुढे-मागे होत असे आणि मोटकरी तिच्यामागून चालत असे. पुढे तेलावर चालणारे इंजिन आले, त्यापाठोपाठ विजेचा पंप आला. आणि आता तर पंप चालू वा बंद करण्यासाठी विहिरीवर जाण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. विहिरीवरील पेटीत सिमकार्ड असलेले एक लहानसे यंत्र बसविले की घरी बसल्या मोबाइलवरून मोटार चालू करता येते, फेज गेली तर तसा संदेश येतो आणि पाणी संपल्यास मोटार आपोआप थांबते.

ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु मोट आणि हे यंत्र यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मोटेचा नाडा तुटला तर शेतकरी तो स्वतः सांधीत असे. या यंत्राचा अदृश्य नाडा तुटला असता मात्र तो कोठे तुटला हेच बहुतेकांना उमगत नाही. मोबाइल दाखवितो, ‘यंत्राशी संपर्क नाही’. आणि शेतकरी दुकानदाराला फोन लावून त्याची वाट पाहत बसतो. तोपर्यंत विजेची पाळी निघून जाते. यंत्र शेतकऱ्याचे, विहीर त्याची, पीक त्याचे. पण यंत्राची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात, अशी ही स्थिती आहे. ती बदलणे अगत्याचे आहे.

बुलढाणा जिल्ह्याची गरज

बुलढाणा जिल्ह्यात या यंत्राची उपयुक्तता अधिक आहे. जिल्ह्याचे तेरा तालुके घाटावर व घाटाखाली असे विभागलेले आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार या बाजूस सोयाबीन, तूर व हरभरा ही मुख्य पिके. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात कापूस आणि त्यातच खारपाण पट्टा. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या व केळीच्या बागा. तर देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन. पिके निराळी, जमिनी निराळ्या. परंतु विजेची अडचण सर्वांची सारखीच. शेतीच्या वाहिनीवर तीन फेज वीज ठराविक तासच मिळते, आणि जेथे सौर वाहिनीचा दिवसाचा पुरवठा अद्याप पोचलेला नाही तेथे ही पाळी काही दिवस रात्रीची असते.

रात्रीचे ओलित म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावयास नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्या भागात आहेत. बुलढाणा, मोताळा, खामगाव व चिखली तालुक्यांच्या परिसरात ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेले आहे. तेथे अस्वलांचा व बिबट्यांचा वावर आहे. मध्यरात्री ‘लाइन आली’ म्हणून बॅटरी घेऊन एकट्याने विहिरीवर जाणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी घरातील माणसांना लागून राहते. हे जाणे टळत असेल तर यंत्राची किंमत एका रात्रीत वसूल झाली असे म्हणावे लागेल.

असे यंत्र महाराष्ट्राला नवे नाही. रात्री-अपरात्री पंप चालू करण्यासाठी शेतावर जाणाऱ्या आजोबांचे कष्ट पाहून पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालविण्याचे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र सिद्ध केले, आणि २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. त्यानंतर अशी यंत्रे अनेक उत्पादकांनी बाजारात आणली. पुढे शासनाच्या योजनांतून आलेल्या सौरपंपांच्या नियंत्रकांतही दूरनिरीक्षणासाठी सिमकार्डाची व्यवस्था असते. म्हणजे ज्याने असे यंत्र मुद्दाम विकत घेतलेले नाही, त्याच्या शेतातही ते आलेले असू शकते.

दोष यंत्राचा की जुळणीचा?

अशा यंत्राबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर ‘यंत्र कुचकामी निघाले’ हा शेरा वारंवार कानी पडतो. काही वेळा तो खराही असतो. परंतु पुष्कळदा यंत्र धडधाकट असते आणि त्याची संपर्काची जुळणी, म्हणजे नेहमीच्या बोलण्यात ज्याला ‘सेटिंग’ म्हणतात ती, बिघडलेली असते. पेरणीयंत्र उत्तम असले तरी फणांतील अंतर चुकले तर पेरणी चुकणारच; तसाच हा प्रकार आहे.

या यंत्रांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार साध्या फोनवर व संदेशावर चालतो. शेतकरी यंत्रातील सिमकार्डाच्या क्रमांकावर फोन करतो आणि यंत्र हुकूम पाळते. दुसरा प्रकार इंटरनेटवर चालतो. त्यात मोबाइलवरील ॲपमधून दिलेला हुकूम प्रथम उत्पादकाच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून विहिरीवरील यंत्राकडे येतो. पहिल्या प्रकारात दुवे थोडे, म्हणून बिघाडही थोडे. दुसऱ्यात सोयी अधिक, पण दुवेही अधिक. उत्पादकाने आपला संगणक बंद केला तर उत्तम स्थितीतील यंत्रही मुके होते. यास्तव यंत्र घेताना ते कोणत्या प्रकारचे आहे, इंटरनेट नसताना ते साध्या फोनवर चालते काय, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

सिमकार्ड कोणाचे?

जुळणीतील पहिला प्रश्न सिमकार्डाचा. अनेकदा विक्रेता स्वतःजवळचे सिमकार्ड घालून यंत्र चालू करून देतो. त्या दिवशी काम झटपट होते. पण ते कार्ड कोणाच्या नावावर आहे, त्याची मुदत केव्हा संपते, हे शेतकऱ्यास ठाऊक नसते. कार्ड शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावावर असणे केव्हाही इष्ट.

दुसरी गोष्ट मुदतीची. हरभरा निघाल्यानंतर कोरडवाहू भागातील पंप उन्हाळाभर बंद असतात आणि पावसाळ्यातही त्यांची फारशी गरज भासत नाही. या काळात यंत्रातील सिमकार्डाकडे कोणाचेच लक्ष नसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ९० दिवस न वापरलेला क्रमांक बंद करण्याची मुभा मोबाइल कंपनीला असते, आणि बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. मग सप्टेंबरात पावसाने ताण दिला आणि सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या ऐन वेळी पाणी द्यावयाचे ठरले की शेतकरी आपल्या यंत्रास फोन लावतो आणि पलीकडून कोणी अनोळखी माणूस बोलतो! हा अनर्थ टाळण्यास महिन्यातून एकदा यंत्राशी संपर्क करून पाहणे व रिचार्जची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवणे पुरेसे आहे. साध्या फोनवर चालणाऱ्या यंत्रास इंटरनेटचे महाग रिचार्ज लागत नाही. केवळ बोलणे व संदेश यांसाठीचे वेगळे रिचार्ज कंपन्यांनी उपलब्ध करून द्यावे, असा नियम प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केला असून त्याची मुदत वर्षभरापर्यंत असू शकते. त्याचा लाभ घ्यावा.

तिसरी गोष्ट कंपनी बदलण्याची. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि रिचार्ज स्वस्त पडावे म्हणून पुष्कळजण तसे करतात. क्रमांक बदलला नाही म्हणजे काहीच बदलले नाही, अशी त्यांची समजूत होते. पण इंटरनेटवर चालणाऱ्या यंत्रात मोबाइल कंपनीच्या जाळ्याचे प्रवेशद्वार कोणते, त्याचे नाव भरलेले असते. विक्रेते त्यास ‘ए. पी. एन.’ म्हणतात. जिओसाठी ते ‘जिओनेट’ असे असते, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ असे. यंत्रात ही नावे रोमन लिपीत भरावी लागतात. कंपनी बदलली आणि हे नाव जुनेच राहिले तर रेंज पुरेपूर असूनही यंत्र उत्तर देत नाही. तसेच केवळ २जीवर चालणाऱ्या जुन्या यंत्रात जिओचे कार्ड चालत नाही; कारण २०१६ मध्ये सुरू झालेले ते जाळे प्रारंभापासून ४जीचे आहे. यंत्र कोणत्या जाळ्यावर चालते हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच कार्ड घ्यावे.

रेंज, पेटी आणि राउटर

घाटाच्या उतारावर, नाल्याच्या खोलगट भागात वा डोंगराच्या आड असलेल्या विहिरीवर मोबाइलची रेंज क्षीण असते. गावात ज्या कंपनीची रेंज चांगली, तिचीच शेतात चांगली असेल असे नाही. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांचे मोबाइल घेऊन विहिरीवर जावे आणि पेटी जेथे बसवावयाची तेथेच फोन लावून पाहावा. हे काम पाच मिनिटांचे आहे; पण ते न केल्याने पाच वर्षांचा मनस्ताप पदरी पडतो.

स्टार्टरची पेटी लोखंडी असते आणि लोखंडाच्या आड रेडिओ लहरी अडतात. यंत्राचा अँटेना पेटीच्या आत वेटोळे करून ठेवला तर तो असून नसल्यासारखाच. तो पेटीबाहेर, उभा आणि विजेच्या तारांपासून दूर बसविला पाहिजे.

शेडनेटमध्ये ठिबक व फवाऱ्यांचे नियंत्रक पुष्कळदा वाय-फायवर चालतात. तेथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. असे अनेक नियंत्रक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच जोडले जातात. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांना दिसतच नाही. राउटरचा पासवर्ड बदलला तर तो नियंत्रकातही बदलावा लागतो. आणि नियंत्रकाचा अंतर्गत पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला नाही, तर वीज जाऊन आल्यावर त्यास निराळा पत्ता मिळून संपर्क तुटण्याचा संभव असतो. बीजोत्पादनात परागीकरणाच्या दिवसांत पाण्याचा खंड पडला तर फुले गळतात आणि हाताने केलेले संकराचे सारे काम वाया जाते. तेव्हा ही जुळणी किरकोळ समजून चालणार नाही.

हुकूम कोणाचा चालावा?

यंत्राने कोणाचा हुकूम मानावा हे जुळणीच्या वेळी ठरवावे लागते. जी यंत्रे नोंदविलेल्या क्रमांकांवरूनच हुकूम घेतात, त्यांत घरातील दोघा-तिघांचे क्रमांक नोंदवावेत, कारण एकाच माणसाचा फोन बंद पडला तर काम अडते. परंतु विक्रेत्याचा किंवा यंत्र बसविणाऱ्या कारागिराचा क्रमांक काम संपताच काढून टाकावा. घरातील कोणी आपला क्रमांक सोडून दिला, तर तोही यंत्रातून त्याच दिवशी काढावा. अन्यथा तो क्रमांक ज्या परक्या माणसास मिळेल त्याच्या हाती नकळत आपल्या पंपाचा अधिकार जातो.

पासवर्डाविषयी तर फारच निष्काळजीपणा आढळतो. कारखान्यातून येताना एकाच जातीच्या सर्व यंत्रांना बहुधा एकच सोपा पासवर्ड घातलेला असतो. तो बदलावा म्हणूनच असतो. पण बदलीत कोणी नाही. ‘माझ्या विहिरीत कोणाला काय रस असणार?’ असे शेतकरी म्हणतो. ज्यांना अशी यंत्रे ताब्यात घ्यावयाची असतात ते विहीर पाहत नाहीत, उघडे दार पाहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलिक्विपा या लहान गावाच्या पाणीपुरवठ्याचा दाब राखणारे नियंत्रण यंत्र परदेशी घुसखोरांनी ताब्यात घेतले. थेट इंटरनेटला जोडलेली व कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेली यंत्रे बहुधा हेरली गेली, असे तेथील शासकीय यंत्रणेने सांगितले. तेथील पाणी तुटले नाही, याचे कारण कर्मचाऱ्यांनी लगेच हाताने पंप चालविले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इस्राएलमधील जॉर्डन खोऱ्यात काही शेतांवरील ओलिताचे नियंत्रक अशाच हल्ल्याने बंद पडले होते.

या दोन्ही घटनांतून दोन धडे मिळतात. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि नियंत्रक सबंध जगाला खुला राहील अशा रीतीने इंटरनेटला जोडू नये. आणि हाताने पंप चालविण्याची सोय कधीही काढून टाकू नये.

संपर्क तुटला तर?

पंप चालू करण्याचा विचार सर्वजण करतात. तो बंद कसा होईल याचा विचार फार थोडे करतात. समजा, एखाद्या शेतकऱ्याने घरून पंप चालू केला आणि थोड्या वेळाने मोबाइलचा मनोरा बंद पडला. आता बंद करण्याचा हुकूम यंत्राकडे जाणारच नाही. पाणी वाफ्यातून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून रस्त्यावर वाहत राहील. खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, म्हणून शेतकरी पावसाचे पाणी शेततळ्यात साठवितो. तेथे एका रात्रीच्या निष्काळजीपणाने हरभऱ्यासाठी राखलेले पाणी संपून जाईल. आणि त्या चिकण काळ्या जमिनीत अतिरेकी पाण्याने पीक उमळण्याचा धोका निराळाच.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज देण्याचे धोरण अमलात आले. त्याचा दिलासा मोठा आहे. पण पंप अधिक वेळ चालला तर बिल वाढेल हा धाक त्यामुळे उरला नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा संयम यंत्रातच भरून ठेवला पाहिजे. वाफे भिजण्यास किती वेळ लागतो हे एकदा घड्याळ लावून पाहावे आणि तितका वेळ झाल्यावर मोटार बंद व्हावी अशी मर्यादा यंत्रात घालावी. ही मर्यादा मनोऱ्यावर किंवा दूरच्या संगणकावर अवलंबून नसावी, विहिरीवरील यंत्रातच असावी. विक्रेत्यास विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे: ‘संपर्क तुटला असता हे यंत्र काय करते?’ याचे उत्तर ज्यास देता येत नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.

तसेच ‘हुकूम पाठविला’ आणि ‘मोटार चालू झाली’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोटारीतून प्रत्यक्ष वीज वाहू लागल्यावरच उलट संदेश यावा, अशी जुळणी असावी. आणि मोटार चालू झाली म्हणजे पाणी शेतात पोचलेच असेही नाही; फूट व्हॉल्व्ह सुटलेला असेल, पाइप निखळलेला असेल. यंत्राने पायपीट वाचते. शेताकडे पाहणे वाचत नाही.

रोहित्रावरील शेजारधर्म

वीज येताच मोटार आपोआप चालू करणारे ऑटोस्विच शेतकऱ्यांनी काढून टाकावेत, असे आवाहन महावितरणने वेळोवेळी केलेले आहे. त्यामागील कारण साधे आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह खेचते. एका रोहित्रावरील सर्व मोटारी वीज येताच एकाच क्षणी सुरू झाल्या तर तो भार रोहित्रास पेलत नाही. रोहित्र जळते आणि ते बदलून मिळेपर्यंत सर्वांचीच पिके वाळतात.

मोबाइलवर चालणारे यंत्र स्वयंचलित जुळणीवर ठेवले तर तेही ऑटोस्विचच ठरते. नाव बदलल्याने दोष बदलत नाही. परंतु योग्य जुळणीने हेच यंत्र रोहित्राचे रक्षक होऊ शकते. एका रोहित्रावर १५ पंप आहेत असे समजू. वीज आल्यावर पहिला पंप लगेच, दुसरा १ मिनिटाने, तिसरा २ मिनिटांनी, अशा क्रमाने सुरू व्हावेत असा विलंब प्रत्येक यंत्रात घातला, तर शेवटचा पंप १४ मिनिटांनी सुरू होईल. आठ तासांच्या पाळीत १४ मिनिटे ही काही मोठी हानी नव्हे. शिवाय दर महिन्यास क्रम बदलून ती सर्वांनी वाटून घेता येते. याला कोणत्याही अनुदानाची गरज नाही. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी एका संध्याकाळी एकत्र बसून कागदावर क्रम लिहिणे, एवढेच पुरेसे आहे.

विहिरीत उतरलेला माणूस

आतापर्यंत सांगितलेल्या चुकांनी पैसा जातो, पीक जाते. एका चुकीने मात्र माणूस जातो. पंप चालू करणारा माणूस विहिरीवर असे, तोवर त्यास विहिरीत कोण उतरले आहे, तारेला कोणाचा हात आहे, हे डोळ्यांनी दिसत असे. आता हुकूम देणारा बुलढाण्याच्या बाजारात असेल, मुलगा पुण्याला असेल, आणि इकडे सालदार विहिरीत उतरून फूट व्हॉल्व्ह साफ करीत असेल. अशा वेळी मोबाइलवरील एका स्पर्शाने अनर्थ ओढवू शकतो. ॲपमध्ये ‘बंद’ असे दिसते म्हणून मोटार सुरक्षित आहे असे कदापि समजू नये.

याबाबत एकच नियम असावा आणि त्यास अपवाद नसावा. विहिरीत उतरण्यापूर्वी किंवा मोटारीस, तारेस हात लावण्यापूर्वी पेटीतील मुख्य स्विच बंद करावा, फ्यूज काढून तो काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावा आणि ज्यांचे क्रमांक यंत्रात नोंदविलेले आहेत त्या सर्वांना फोन करून तसे सांगावे. पेटीवर ठळक मराठी अक्षरांत ‘ही मोटार दुरून केव्हाही चालू होऊ शकते’ अशी सूचना रंगविलेली असावी. घरच्यांना हे ठाऊक असते. पण मजुराला, वायरमनला, पाणी पिण्यास थांबलेल्या वाटसरूला ते ठाऊक नसते.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

‘हे सर्व शेतकऱ्याने कशाला शिकावे? ज्याने यंत्र विकले तो करून देईल,’ असे काहीजण म्हणतात. हा युक्तिवाद वरवर पाहता सोयीचा वाटतो. परंतु विक्रेता तालुक्याच्या गावी असतो. हंगामात सर्वांचीच यंत्रे एकदम अडतात आणि त्याच्याजवळ माणसे मोजकी असतात. पुन्हा हमीची मुदत संपल्यावर त्यास येण्याचे बंधन नसते. शासकीय योजनेतील सौरपंपाची देखभाल पुरवठादाराने पाच वर्षे करावयाची असते; त्यानंतर त्यातील सिमकार्डाचे रिचार्ज कोण करणार, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही, पण पाच वर्षे पाहता पाहता निघून जातात.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे, आणि तो सर्वथैव रास्त आहे. यंत्राची माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. परंतु ज्या शेतकऱ्याने संकरित बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, कीटकनाशकांची मात्रा आणि ठिबकचे दाबाचे गणित आत्मसात केले, त्यास पाच-सहा ओळींची ही जुळणी समजणार नाही असे मानणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. न्यून त्याच्या बुद्धीत नाही; त्याच्यापर्यंत मराठीत कोणी पोचलेले नाही, हे न्यून आहे.

कर्तव्य कोणाचे?

यास्तव तीन पक्षांनी आपापले कर्तव्य ओळखणे उचित होईल. विक्रेत्याने यंत्रासोबत मराठीत एक पानाचा जुळणीपत्रक द्यावा आणि शेतकऱ्याच्या हातून, त्याच्याच मोबाइलवर, सबंध जुळणी एकदा पुसून पुन्हा करवून घ्यावी. जोपर्यंत शेतकऱ्यास ती स्वतः करता येत नाही, तोपर्यंत यंत्र पोचते झाले असे समजू नये. शासकीय योजनांतून जेथे अशी यंत्रे दिली जातात, तेथे यंत्र बसविल्याच्या दाखल्यात ‘पासवर्ड बदलला, सिमकार्ड कोणाच्या नावे आहे ते सांगितले, हाताने चालविण्याची सोय तपासली’ अशा तीन नोंदी असाव्यात. कृषी विज्ञान केंद्रांनी बीजप्रक्रिया आणि माती परीक्षणाइतकेच महत्त्व देऊन या जुळणीची प्रात्यक्षिके दाखवावीत. गावातील शिकलेल्या मुलामुलींना यात सहज गती असते. त्यांच्या हातून हे काम झपाट्याने पसरेल.

आणि शेतकरी बंधूंनी एक लहानशी वही करावी. तीत यंत्रातील सिमकार्डाचा क्रमांक, ते कोणाच्या नावे आहे, रिचार्जची तारीख, प्रवेशद्वाराचे नाव, नोंदविलेले क्रमांक, मोटार चालण्याची कमाल मर्यादा व सुरू होण्यातील विलंब एवढ्या गोष्टी लिहाव्यात. पासवर्ड मात्र पेटीच्या झाकणावर खडूने लिहू नये. तो वहीत लिहून वही घरी ठेवावी. पेरणीपूर्वी तिफणीची दांडी-फण पाहण्याची जशी रीत आहे, तशी हंगामाच्या आरंभी ही वही उघडून प्रत्येक नोंद यंत्राशी ताडून पाहण्याची रीत पडावी.

नवे साधन घरात आले म्हणजे प्रगती झाली, असे नव्हे. ते बिघडले असता घरच्या माणसाच्या हातून पुन्हा चालू झाले म्हणजे ते खऱ्या अर्थाने घरचे झाले. मोटेचा नाडा सांधणारे हात याच मातीतले होते. हा नवा, डोळ्यांना न दिसणारा नाडाही त्याच हातांनी सांधला पाहिजे.